शाळा बंद करायचा निर्णय बोर्डाच्या मीटिंगमध्ये होतो का?

प्रश्न असा आहे. नाशिकहून तीन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात, बे एरियात आलेलं कुटुंब. एच-१बी व्हिसा, मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. शाळेची ई-मेल आली, की मुलं कमी झाल्यामुळे दोन प्राथमिक शाळा एकत्र करण्याचा प्रस्ताव येत्या मंगळवारी स्कूल बोर्डापुढे येतोय. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दीडपर्यंत मेसेज चालू. वडिलांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. मीटिंगला जाऊन उपयोग आहे का? व्हिसावाल्या माणसाला बोलता येतं का? दुसऱ्या दिवशी 'बोर्डाने ५-० ने मंजूर केलं' अशी बातमी आली तर त्यातून काय समजायचं? आणि हायस्कूलला नवी जिम बांधायला पैसे आहेत, मग आमची शाळा चालवायलाच का नाहीत?

मी गेली सतरा वर्षं इथल्याच एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या हिशेब खात्यात आहे. कुठल्या ते सांगत नाही, नोकरी टिकवायची आहे. बोर्डापुढे जाणारे बजेटचे कागद आम्ही दोघी-तिघी तयार करतो. मीटिंगच्या रात्री तिसऱ्या रांगेत लॅपटॉप घेऊन बसलेली आणि 'हा आकडा कुठून आला?' असं बोर्डातल्या कुणी विचारलं की सुपरिंटेंडेंटकडे चिठ्ठी सरकवणारी बाई मीच. तेव्हा हे उत्तर टेबलाच्या त्या बाजूने आहे असं समजा.

तर, मतदान मंगळवारी होईल. निर्णय मात्र बहुधा डिसेंबरातच झालाय, रिकाम्या सभागृहात.

आधी 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या डोक्यात डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा, आणि शाळा म्हटलं की जिल्हा परिषद, शिक्षण समिती, शिक्षणाधिकारी. इथे जिल्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कौंटी. कॅलिफोर्नियात त्या ५८ आहेत. स्कूल डिस्ट्रिक्ट हे वेगळंच संस्थान. त्याचं बोर्ड वेगळं निवडून येतं, बजेट वेगळं, आणि हद्द गावाच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. कुपर्टिनोत राहणाऱ्याची मुलं आठवीपर्यंत सहसा कुपर्टिनो युनियन नावाच्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत आणि नववीपासून फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या. आता गंमत अशी, की या फ्रीमाँटचा फ्रीमाँट गावाशी काही संबंध नाही. त्या गावाचं फ्रीमाँट युनिफाइड आहे, तेही दुसऱ्या कौंटीत. नवं आलेलं कुटुंब चुकीच्या बोर्डाला तळमळीने पत्र लिहितं, असं दरवर्षी एकदा तरी होतंच. म्हणून तुमच्या त्या ई-मेलखाली नेमकं कुणाचं नाव आहे ते आधी पाहा, आणि ग्रुपवर जो मनुष्य सगळ्यात जोरात बोलतोय तो त्याच डिस्ट्रिक्टमध्ये राहतो ना, तेही पाहा.

बोर्डात सहसा पाच नाहीतर सात जण असतात. चार वर्षांसाठी निवडून आलेले, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही. यांच्यात कुणी दंतवैद्य, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी सॉफ्टवेअरवाला. शाळेचं काम संध्याकाळी. रोजचा कारभार सुपरिंटेंडेंट चालवतो. आपल्याकडे शिक्षणाधिकारी वरून बदलीवर येतो आणि वरच्याच हुकमाने जातो. इथे सुपरिंटेंडेंटला बोर्ड नेमतं आणि बोर्डच घालवतं. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद करायच्या शाळांची यादी जाहीर झाली आणि दहा-बारा दिवसांत सुपरिंटेंडेंटना राजीनामा देऊन जावं लागलं, यादी बारगळली. अर्थात यादी बारगळली म्हणून तिथली तूट काही भरून निघाली नाही.

त्या टेबलाशी एक-दोन हायस्कूलची पोरंही बसलेली दिसतील. ते विद्यार्थी सदस्य. त्यांचं मत विचारलं जातं, इतिवृत्तात नोंदवलं जातं, पण बेरजेत धरत नाहीत. माझा अनुभव असा, की नेमका प्रश्न पुष्कळदा तेच विचारतात. त्यांना पुढची निवडणूक लढवायची नसते.

आता कायद्याचं. १९५३ चा ब्राउन ॲक्ट हा इथल्या सगळ्या स्थानिक मंडळांना लागू आहे. नेहमीच्या मीटिंगची विषयपत्रिका, म्हणजे अजेंडा, किमान ७२ तास आधी लावावी लागते. खास मीटिंगची २४ तास आधी. तुमची मीटिंग मंगळवारी संध्याकाळी आहे, म्हणजे अजेंडा बहुधा शुक्रवारी ऑफिस बंद होता होता लागेल. मुद्दाम लपवायला नाही. शुक्रवारी साडेचारपर्यंत आम्ही आकडेच जुळवत असतो. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला त्या रात्री निर्णय घेता येत नाही. बोर्डातल्या बहुमताला आधी कुणाच्या घरी चहाला जमून ठरवून टाकता येत नाही, आणि एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करत साखळीनेही नाही.

अजेंड्यावरचं शीर्षक किती महत्त्वाचं, त्याचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचंच आहे. तिथे लोवेल नावाचं जुनं, गुणांवर प्रवेश देणारं हायस्कूल आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये बोर्डाने तो गुणांचा निकषच काढून टाकला. पण अजेंड्यावरच्या ठरावाचं शीर्षक होतं लोवेलमधल्या वंशवादाला उत्तर देण्याबद्दलचं; प्रवेशपद्धत बदलणार हे त्यातून कळायला मार्ग नव्हता. लोक कोर्टात गेले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ब्राउन ॲक्ट मोडला म्हणून न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द केला. त्याआधी, जानेवारीत, शाळा कोविडमुळे बंद असताना याच बोर्डाने ४४ शाळांची नावं बदलायचं ठरवलं होतं आणि पुढे माघार घेतली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीआधीच परत बोलावलं. अजेंड्याच्या शब्दांवरून आमच्या ऑफिसात आजही जी खेचाखेच चालते, तिला या प्रकरणाची पार्श्वभूमी आहे.

अजेंडा उघडलात की तो साठ नाहीतर दोनशे पानांचा असेल. घाबरू नका, सगळा वाचायचा नसतो. सुरुवातीला 'क्लोज्ड सेशन': कर्मचाऱ्यांची प्रकरणं, युनियनशी वाटाघाटी, कोर्टकज्जे, विद्यार्थ्यांवरची कारवाई. दार बंद, पण तिथे काही ठरलं असेल आणि ते कायद्याने सांगण्यासारखं असेल तर बाहेर येऊन जाहीर करावं लागतं. मग 'कन्सेंट कॅलेंडर': वीस-पंचवीस बाबी एकाच मतदानात, चर्चेविना. बिलं, सहली, नेमणुका, करार. लग्नाच्या याद्यांवर सह्या घेतात तसं. बहुतेक खरोखर किरकोळ असतं. पण शाळा बंद होण्याची पहिली चाहूल मी याच यादीत पाहिलेली आहे: 'लोकसंख्या व पटसंख्या अभ्यासासाठी सल्लागार' असा एक करार, रक्कम फार मोठी नाही. असा सल्लागार नेमला म्हणजे शाळा बंद होणारच असं नाही, पण विचारून ठेवावं. बोर्डातल्या कुणीही एखादी बाब त्या यादीतून बाहेर काढून चर्चेला घ्या म्हणू शकतो, आणि तसं म्हणावं यासाठी त्या सदस्याला दोन दिवस आधी तुम्ही ई-मेल करू शकता. ही युक्ती फार थोडे पालक वापरतात.

आणि आता डिसेंबर.

कॅलिफोर्नियात डिस्ट्रिक्टला राज्याच्या सूत्राने पैसे मिळतात. २०१३ पासून चालू असलेलं हे सूत्र पटावरच्या मुलांवर चालत नाही, रोज प्रत्यक्ष हजर असलेल्या मुलांच्या सरासरीवर चालतं. मूल तापाने घरी राहिलं तरी त्या दिवसाची हजेरी गेली. दिवाळीला आठवडाभर नाशिकला जाऊन आलात, तीही गेली. (स्वतंत्र अभ्यासाचा करार आधी करून गेलात तर वाचू शकते. शाळेच्या सेक्रेटरीला विचारा, ती आनंदाने फॉर्म देईल.) मालमत्ता कराचंच उत्पन्न या सूत्रापेक्षा जास्त आहे अशी पालो आल्टोसारखी काही डिस्ट्रिक्ट्स आहेत. त्यांचा हिशेब वेगळा. तिथे मुलं कमी झाली तर माणशी पैसे वाढतात. तिथल्या मित्राचं ऐकून स्वतःच्या डिस्ट्रिक्टबद्दल मत बनवू नका.

राज्यभरच्या सरकारी शाळांत २०१९-२० मध्ये ६१ लाखांहून अधिक मुलं होती, २०२४-२५ पर्यंत ती ५८ लाखांच्या घरात आली. जन्म कमी झाले, घरं परवडेनात, लोक सॅक्रामेंटोकडे नाहीतर थेट टेक्सासला गेले. आता समजा, तुमच्या शाळेत पाच वर्गांत तीस-तीस मुलं होती, ती सव्वीस-सव्वीस झाली. एकही शिक्षक कमी करता येत नाही. मुख्याध्यापक एक, सेक्रेटरी एक, साफसफाई-देखभाल बघणारा कस्टोडियन एक, वीजबिल तेवढंच. गेलं ते वीस मुलांचं उत्पन्न. असं आठ शाळांत झालं की एका अख्ख्या शाळेचा खर्च उघडा पडतो.

हे आम्हाला वर्षातून दोनदा बोर्डापुढे मांडावं लागतं. पहिला अंतरिम अहवाल ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या आकड्यांचा, तो १५ डिसेंबरपर्यंत. दुसरा ३१ जानेवारीपर्यंतच्या आकड्यांचा, तो मार्चच्या मध्यावर. १९९१ मध्ये रिचमंड युनिफाइडचं दिवाळं निघायची वेळ आली, त्यानंतर राज्याने ही शिस्त लावली. चालू वर्ष आणि पुढची दोन वर्षं देणी भागतील का, यावर बोर्डाने तीनपैकी एक शेरा द्यायचा. 'पॉझिटिव्ह' म्हणजे भागतील. 'क्वालिफाइड' म्हणजे कदाचित भागणार नाहीत. 'निगेटिव्ह' म्हणजे भागणार नाहीतच. वरून कौंटीचं ऑफिस लक्ष ठेवून असतं. मध्यम आकाराच्या डिस्ट्रिक्टला खर्चाच्या किमान ३ टक्के गंगाजळी शिल्लक दाखवावी लागते. त्या अहवालात एक तीन रकान्यांचं पान असतं. बाकीची ऐंशी पानं सोडा आणि त्या पानावर तिसऱ्या वर्षाचा रकाना बघा. तिथे गंगाजळी तीन टक्क्यांखाली गेली, की बोर्डाला 'आम्ही इतक्या रकमेची काटछाट करू' असा ठराव करावा लागतो, आणि ठरावाला एक तक्ता जोडलेला असतो.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी तो तक्ता मीच टाइप केला होता. सोळा ओळी. पहिल्या ओळीत ऑफिसातली रिकामी पदं, मग प्रवास, कागद, सल्लागार, आणि अकराव्या ओळीत 'साइट कन्सॉलिडेशन', म्हणजे शाळा एकत्र करणं, पुढे एक आकडा, त्याच्यापुढे वर्ष. शाळेचं नाव नाही. डिसेंबरातल्या त्या रात्री सभागृहात पाच माणसं होती. शिक्षक युनियनचा प्रतिनिधी, प्रत्येक मीटिंगला येणारे एक निवृत्त आजोबा, पुरस्कार घ्यायला आलेल्या मुलीचे आईवडील (ते पुरस्कार होताच निघाले), आणि खुर्च्या आवरायला थांबलेला कस्टोडियन. अकराव्या ओळीबद्दल आजोबांनी विचारलं, 'म्हणजे नक्की किती साइट्स?' उत्तर मिळालं की अजून अभ्यास चालू आहे. खोटं नव्हतं ते. ठराव मंजूर झाला, कौंटीला गेला. फेब्रुवारीत शाळेचं नाव घेऊन विषय आला तेव्हा चारशे लोक आले. खिडक्यांतून माणसं उभी. बोर्डातली एक बाई रडली. आणि मतदान व्हायचं तेच झालं, कारण त्या ओळीतला आकडा काढला तर तो दुसऱ्या कुठल्या ओळीत घालायचा, याचं उत्तर चारशेपैकी कुणाकडे नव्हतं.

फेब्रुवारीच का, तेही सांगते. पुढच्या वर्षी शिक्षक कमी करायचे असतील तर १५ मार्चच्या आत त्यांना प्राथमिक नोटीस द्यावी लागते, १५ मेच्या आत पक्की. त्यामुळे मार्चच्या आधी शाळांचं ठरलं पाहिजे. तुमचा मंगळवार त्या गणितातून आलाय.

मग जाऊन उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. तर जा, पण मत फिरवायचं म्हणून जाऊ नका. मत फिरणं फार क्वचित होतं. ओकलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये बोर्डाने शाळा बंद करण्याचा आणि जोडण्याचा निर्णय घेतला तेव्हा दोन शिक्षक उपोषणाला बसले होते. तरीही ठराव झालाच. नोव्हेंबरात निवडणूक झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्या बोर्डाने त्यातल्या, उन्हाळ्यात बंद व्हायच्या असलेल्या पाच शाळांचा निर्णय मागे घेतला. त्या रात्रीपुरतं मात्र अटी बदलता येतात, आणि अटी ही काही लहान गोष्ट नाही.

व्हिसाचं म्हणाल, तर बोलायला नागरिक असावं लागत नाही. त्या डिस्ट्रिक्टचे रहिवासी असावं लागतं असंही नाही. नावसुद्धा सांगायची सक्ती करता येत नाही. चिठ्ठीवर नाव मागतात ते पुकारायला. मतदान वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ च्या कौलाने नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं, पण त्या यादीत नाव घालण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. फुकटचा सल्ला नव्हे, कळकळीने सांगते. बोलायला मात्र व्हिसाची आडकाठी नाही.

वेळ सहसा तीन मिनिटं. समोर हिरवा, पिवळा, लाल दिवा. पण कायद्यात एक कलम आहे, ते आपल्या लोकांना ठाऊक नसतं: दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. एकदा एक मराठी आजी आल्या होत्या, पायात स्पोर्ट्स शूज, अंगावर नऊवारी नव्हे, साधी सुती सहावारी आणि वर नातवाचं हूडी. त्या रोज नातीला शाळेत पायी सोडायच्या. म्हणाल्या, 'नवी शाळा त्या मोठ्या रस्त्यापलीकडे आहे. मी सिग्नलला घड्याळ लावून पाहिलं. चालायचा दिवा लागतो तो बावीस सेकंद. मला नि पोरीला सत्तावीस लागतात.' नातवाने ते इंग्रजीत सांगितलं. मग त्यांनी रस्त्याचं नाव सांगितलं, सकाळी किती मुलं तिथून ओलांडतील ते सांगितलं, आणि बसल्या. सहा मिनिटांतली चारसुद्धा वापरली नाहीत. त्यांच्याआधी तेहतीस जण 'आमची शाळा म्हणजे कुटुंब आहे' असं सांगून गेले होते. बोर्डाने शाळा बंद केलीच. पण ठरावात दुरुस्ती होऊन क्रॉसिंग गार्ड आणि शहराकडे सिग्नलच्या वेळेची मागणी, या दोन गोष्टी शाळा हलण्याच्या आधीच्या अटी म्हणून घातल्या गेल्या. ते वाक्य लिहायला मला रात्री सव्वाअकराला उठवलं होतं.

तेव्हा तुम्हीही काहीतरी मोजून घेऊन जा. वाचणारे पैसे पहिल्या वर्षीचे की कायमचे? सामान हलवणं, नव्या शाळेत पोर्टेबल वर्ग उभे करणं, हा खर्च त्यातून वजा केलाय का? विशेष गरजा असलेल्या मुलांचा वर्ग कुठे जाणार? हद्दी बदलल्यावर कुठल्या गल्लीतली मुलं कुठे? शाळा सोडून किती कुटुंबं खासगीत जातील असं धरलंय? हा शेवटचा प्रश्न आम्हाला सगळ्यात अवघड जातो, कारण प्रत्येक गेलेलं मूल वाचवलेल्या पैशांतून वजा होतं. आणि जागेचं काय होणार? शाळेची जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची तर आधी सात ते अकरा जणांची सल्लागार समिती नेमावी लागते. तिला इथे 'सेव्हन-इलेव्हन कमिटी' असंच म्हणतात, दुकानाचा काही संबंध नाही. तिच्यात पालक लागतात. अर्ज फारसे येत नाहीत. करा.

आता ५-० बद्दल. पाचही जण एकमताचे होते असा त्याचा अर्थ नाही. बोर्डातले जुने लोक आपली बाजू पडणार हे दिसलं की शेवटी बहुमताबरोबर जातात, दुसऱ्या दिवशी एकत्र काम करायचं असतं. आतलं भांडण पाहायचं असेल तर मूळ सूचना काय होती, सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि मधे दुरुस्ती कुणी मांडली, ते बघा. बातमीत ते नसतं, व्हिडिओत असतं. क्रियापदही नीट वाचा. बोर्डाने अहवाल 'स्वीकारला' म्हणजे ऐकला, एवढंच. 'स्टाफला सूचना दिली' म्हणजे विषय परत येणार. धोरणाचं 'पहिलं वाचन' झालं म्हणजे अजून एक मीटिंग बाकी आहे आणि तुमच्या हातात दोन-तीन आठवडे आहेत. 'ठराव पारित' म्हणजे झालं. ग्रुपवर या चारींचं भाषांतर एकच येतं: 'पास केलं!!'

जिमचा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो, किराणा दुकानात कोथिंबीर निवडतानासुद्धा. उत्तर असं, की पैशांच्या पेट्या वेगळ्या आहेत. पगार, वीज, वह्या हे सगळं जनरल फंडातून, आमच्या भाषेत फंड ०१. जिम, छप्पर, वातानुकूलन हे बाँडच्या, म्हणजे कर्जरोख्यांच्या पैशातून, फंड २१. बाँड मतदारांनी मंजूर केलेला असतो, २००० सालच्या राज्यघटनेतल्या दुरुस्तीपासून त्याला ५५ टक्के मतं पुरतात, आणि त्यातला एक डॉलरही शिक्षकाच्या पगाराला लावता येत नाही. लावला तर आम्ही कोर्टात. पगारासाठी चालणारा स्थानिक कर म्हणजे पार्सल टॅक्स. बोर्डाने मांडलेल्या अशा कराला दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणून तो पुष्कळदा पडतो. त्यामुळे गळकं छप्पर नवं होतं आणि त्याखालचा संगीत शिक्षक जातो. हे वेडगळ दिसतं, मलाही दिसतं, पण ते तुमच्या बोर्डाच्या हातात नाही. मीटिंगमध्ये यावर तीन मिनिटं घालवू नका. अजेंड्यावर प्रत्येक बाबीखाली 'फिस्कल इम्पॅक्ट', म्हणजे पैशांवर होणारा परिणाम, अशी ओळ असते, तिथे फंडाचा क्रमांक दिलेला असतो. तो आधी वाचून या.

न विचारलेलं एक सांगते, कारण यावर आपल्या लोकांशी माझं जमत नाही. मुलाचं नाव घालताना 'घरची भाषा' विचारणारा फॉर्म येतो. बरेच मराठी पालक तिथे ठोकून 'इंग्लिश' लिहितात. का, तर मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि 'त्याच्यावर शिक्का बसतो'. अहो, मूल चाचणीत उत्तीर्ण झालं की विषय संपला. नाही झालं तर त्याला मदत मिळते, आणि राज्याच्या सूत्रात त्या मुलामागे मूळ रकमेवर २० टक्के वाढीव पैसे येतात. शाळेत अशी २१ मुलं झाली की त्यांच्या पालकांची समिती स्थापणं बंधनकारक होतं. डिस्ट्रिक्टमध्ये ५१ झाली की डिस्ट्रिक्टचीही. एका शाळेतल्या १५ टक्के मुलांच्या घरची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी एखादी, आणि सगळ्यांची तीच असेल तर पालकांना जाणाऱ्या सूचना त्या भाषेतही द्याव्या लागतात. घरी चोवीस तास मराठी बोलायची, शनिवार-रविवारी मराठी शाळेत पाठवायचं, तिथल्या परीक्षेचं हायस्कूलमध्ये क्रेडिट मिळावं म्हणून बोर्डाकडे अर्ज करायचा (तो मिळावाच, काही डिस्ट्रिक्ट्स देतातही), आणि त्याच डिस्ट्रिक्टच्या फॉर्मवर मात्र घरची भाषा इंग्लिश. मग बोर्डातल्या बाईंनी मला विचारलं, की आपल्याकडे मराठी बोलणारी कुटुंबं किती, तर मी तक्ता उघडून काय सांगू? तक्त्यात नऊ आहेत. गणपतीच्या आरतीला साडेतीनशे माणसं होती.

तर शुक्रवारी संध्याकाळी अजेंडा लागला की तुमचा विषय शोधा, 'अ‍ॅक्शन' आहे की 'डिस्कशन' ते बघा. डिस्कशन असेल तर मंगळवारी मतदान नाही. श्वास घ्या आणि पुढच्या मीटिंगची तारीख विचारा. अ‍ॅक्शन असेल तर जोडलेल्या ठरावाच्या मसुद्यातले अटींचे परिच्छेद वाचा, तुमची एक अट एका वाक्यात लिहा आणि सोमवारी दुपारच्या आत पाचही सदस्यांना पाठवा, पण प्रत्येकाला वेगळ्या ई-मेलने. सगळ्यांना एकत्र पाठवलीत आणि त्यातल्या तिघांनी 'रिप्लाय ऑल' केलं, तर ब्राउन ॲक्टचा घोळ होतो आणि मंगळवारी सकाळी तो निस्तरायला वकिलाला फोन आम्हाला करावा लागतो.